छोट्या रेणूंचं जेल आणि रासायनिक बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जेलवर काम करणारी मुलं, त्यांचे मार्गदर्शक आणि वंगण किंवा प्रसाधनांच्या उद्योगातले काही जण जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरीचशी उदाहरणं एका रेणूभोवती फिरतात. तो म्हणजे १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल. ते एरंडेलापासून मिळतं, स्वस्त आहे, आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक भागात फेरफार करून काय होतं ते लोकांनी तपासलेलं आहे. शिकायला याहून चांगला रेणू मला माहीत नाही.

१. छोट्या रेणूंचं जेल म्हणजे काय? चायना ग्रासच्या जेलीपेक्षा ते वेगळं कसं?

चायना ग्रास, जिलेटिन, पेक्टिन यांच्या जेलीत जाळं विणतात ते लांबलचक बहुवारिक रेणू. म्हणजे तिथे दोरा आधीपासूनच असतो. छोट्या रेणूंच्या जेलमध्ये तसा दोरा मुळात नसतोच. साधारण हजाराच्या आतबाहेर रेणुभार असलेले सुटे रेणू एकमेकांना बिलगत जातात आणि त्यांचाच दोरा होतो. ही बिलगण्याची ओढ दुबळी असते: हायड्रोजन बंध, सपाट कड्यांची चळत, तेलकट भागांची आपसातली जवळीक. पक्का सहसंयुज बंध कुठेच तयार होत नाही. म्हणून गरम केलं की जेल वितळतं आणि गार झालं की पुन्हा जमतं. अशा रेणूला प्रयोगशाळेत सगळे ‘जेलेटर’ म्हणतात. इथेही तोच शब्द वापरलाय.

२. एक टक्का पदार्थ नव्याण्णव टक्के द्रवाला धरून कसा ठेवतो?

कापसाचा बोळा तेलात बुडवून बाहेर काढा. कापूस थोडाच असतो, पण तेल लगेच गळून जात नाही, कारण बारीक धाग्यांमधल्या फटींत ते अडकतं. जेलमध्ये हेच फार बारीक प्रमाणावर होतं. धागे काही दशक नॅनोमीटर जाड आणि कित्येक मायक्रोमीटर लांब असतात, एकमेकांत गुंतलेले असतात, आणि द्रव त्यांच्यामध्ये अडकून बसतो.

यातली कळीची गोष्ट अशी की रेणूंची रास एकाच दिशेनं वाढली पाहिजे. दोन दिशांनी वाढली तर पापुद्रे होतात, तिन्ही दिशांनी वाढली तर खडे होऊन तळाशी बसतात. रेणूत केलेला कुठलाही बदल या एका दिशेच्या वाढीला मदत करतो की मोडता घालतो, हे पाहत गेलं तर पुढची बहुतेक उत्तरं आपोआप सुचतात.

३. ‘बदलामुळे जेलची रचना बदलली’ असं वाचतो, पण रचना म्हणजे नेमकी कुठली?

हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. रचना तीन पातळ्यांवर असते. पहिली, रेणू शेजारच्या रेणूला कसा लागून बसलाय ती मांडणी. दुसरी, त्या मांडणीतून झालेला तंतू: जाड की बारीक, सरळ की पिळाचा, पट्टीसारखा की नळीसारखा. तिसरी, तंतूंचं जाळं: किती दाट, किती फाटे फुटलेलं, कुठे कुठे जुळलेलं.

रासायनिक बदलाचा थेट हात फक्त पहिल्या पातळीला लागतो. तिसऱ्या पातळीपर्यंत त्याचा परिणाम पोचतो, पण वाटेत द्रावक, गार करण्याचा वेग आणि पदार्थाचं प्रमाण यांचाही वाटा त्यात मिसळतो. गोंधळ होतो तो इथेच (प्रश्न १० पाहा).

४. एखादाच अणू बदलून खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. तीन भावंडं शेजारी ठेवून बघा. तिघांतही अठरा कार्बनांची साखळी आहे आणि एका टोकाला आम्लाचा गट आहे.

पहिलं स्टिअरिक आम्ल. साखळी सरळ, त्यावर दुसरं काही नाही. हे गरम तेलात विरघळवून गार केलं तर पापुद्र्यांसारखे स्फटिक होतात. जेल करायला ते फार कमकुवत.

दुसरं रिसिनोलिक आम्ल. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी साधारण ८५ ते ९० टक्के हेच असतं. याच्या बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट आहे, पण नवव्या कार्बनपाशी सिस दुहेरी बंध आहे. त्यामुळे साखळीला कोपरा पडतो, रेणू एकमेकांना नीट लागून बसत नाहीत, आणि हे आम्ल आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला द्रवच राहतं.

तिसरं आपलं १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल. एरंडेलाचं हायड्रोजनीकरण केलं, म्हणजे वनस्पती तूप करताना तेलावर जी प्रक्रिया होते तीच केली, की दुहेरी बंध जातो, साखळी सरळ होते आणि हायड्रॉक्सिल जागेवर राहतो. स्टिअरिक आम्लाशी तुलना केली तर फरक फक्त एका ऑक्सिजन अणूचा. रेणुभार २८४.५ चा ३००.५ होतो, बस. पण हा रेणू खनिज तेल, खाद्यतेल आणि अनेक हायड्रोकार्बन द्रव एक-दोन टक्क्यांतच जमवतो.

कारण असं: आम्लाची डोकी समोरासमोर जोडीनं बसतात आणि बाराव्या कार्बनवरचे हायड्रॉक्सिल शेजाऱ्याच्या हायड्रॉक्सिलला, तो त्याच्या शेजाऱ्याला, अशी साखळी धरतात. ही हायड्रोजन बंधांची साखळी तंतूच्या लांबीच्या दिशेनं जाते. वाढीला दिशा मिळते ती तिच्यामुळे. स्टिअरिक आम्लाकडे जोडी आहे, पण साखळी नाही.

एक बारकावा अजून. रिसिनोलिक आम्लातला दुहेरी बंध काढून न टाकता नुसता सिसचा ट्रान्स केला, तर रिसिनेलेडिक आम्ल मिळतं. अणू तेच, संख्या तीच, फक्त कोपरा सरळ झाला. राइट आणि मरांगोनी यांनी २००६ साली दाखवलं की हे आम्ल वनस्पती तेलाचं जेल करतं. म्हणजे नुसता हायड्रॉक्सिल असून भागत नाही. तो शेजाऱ्यापर्यंत पोचेल असा रेणूचा आकारही लागतो.

५. हायड्रॉक्सिल गट बाराव्याऐवजी दुसऱ्या कार्बनवर ठेवला तर?

हायड्रॉक्सिलची जागा बदलत नेलेले स्टिअरिक आम्लाचे भाऊबंद खनिज तेलात तपासले गेले आहेत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या कार्बनवर, म्हणजे डोक्याला खेटून, हायड्रॉक्सिल असेल तर जेल होत नाही. सहाव्या कार्बनपासून पुढे सरकला की होतं. डोक्याजवळचा हायड्रॉक्सिल आम्लगटांच्या जोडीतच ढवळाढवळ करतो. दूर गेला की दोघे आपापलं काम करतात. गट तोच राहूनही जागेमुळे उलट परिणाम होतो, म्हणून ‘हायड्रॉक्सिल असला की जेल होतं’ असं वाक्य प्रबंधात लिहू नका.

६. डोकं बदललं तर? आम्लाचं अमाइड, एस्टर किंवा लवण केलं तर?

आम्लाचं लिथियम लवण केलं की आपल्या ओळखीची वस्तू तयार होते: गॅरेजमधलं ग्रीस. क्लॅरेन्स अर्ल यांना लिथियम साबणाच्या ग्रीसचं पेटंट १९४२ साली मिळालं, आणि आज लिथियम ग्रीस म्हणून जे विकलं जातं त्यात बहुधा हेच १२-हायड्रॉक्सीस्टिअरेट असतं. नुसत्या आम्लाचं जेल ७०-८० अंश सेल्सिअसच्या आतच ढेपाळतं. लिथियम ग्रीस मात्र साधारण १९० अंशांपर्यंत थेंब सोडत नाही. डोक्यांमधली ओढ आता आयनांची झाली. ती हायड्रोजन बंधाहून पुष्कळ दणकट. तंतूंचा पीळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुरेख दिसतो.

अमाइड केलं तर नत्रावरचे हायड्रोजन आणखी बंध धरू शकतात. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या रिचर्ड वाइस यांच्या गटानं २००९ साली या आम्लाच्या अशा नत्रयुक्त रूपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या कित्येकांनी वेगवेगळ्या द्रवांत टिकाऊ जेल दिलं.

एस्टरमध्ये डोक्याची जोडी जुळणंच बंद होतं. तरी हायड्रोजनीकृत एरंडेल, जे पूर्णच एस्टर आहे, रंगात आणि प्रसाधनांत दाटपणा आणायला वापरतात. तिथे एका रेणूला तीन शेपट्या आहेत, आणि बाराव्या कार्बनवरचे हायड्रॉक्सिल काम निभावतात.

७. डावा रेणू आणि उजवा रेणू यांनी रचना बदलते का?

एका हाताच्या रेणूऐवजी त्याचं आरशातलं रूप घेतलं, तर साध्या द्रावकात जेल तेवढंच मजबूत होतं. फक्त तंतूंचा पीळ उलटा पडतो. खरा फरक पडतो तो दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळल्यावर. एरंडीच्या झाडातून येणारं १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल एकाच हाताचं असतं आणि लांब, पिळाचे तंतू देतं. दोन्ही हातांचं मिश्रण घेतलं तर खनिज तेलात तंतूंऐवजी पापुद्रे होतात आणि जेल कमकुवत पडतं. सरळ वाढीची दिशा हरवते.

दुसरं उदाहरण जपानमधलं. हानाबुसा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सायक्लोहेक्झेनच्या कडीवर शेजारी शेजारी दोन अमाइड हात लावले. हात ट्रान्स असले, म्हणजे दोन्ही अमाइड एकमेकांच्या उलट्या दिशांना तोंड करून उभे राहू शकले, की उत्तम जेल. सिस असले की जेल नाही. एका रेणूनं वर एकाला आणि खाली एकाला धरायचं असतं. सिस रूपात ते जमत नाही.

अपवाद आहे, आणि तो मुद्दाम सांगतो, कारण परीक्षक इथेच अडवतात. झाग्रेबच्या झिनिच यांच्या गटानं अभ्यासलेल्या काही ऑक्सलामाइड जेलेटरांत दोन्ही हातांचं मिश्रण काही द्रावकांत एकट्या रूपापेक्षा सरस ठरलं. एकाच हाताचा रेणू तिथे लवकर स्फटिक होऊ पाहतो. मिश्रणात ते टळतं.

८. शेपूट लांब केली की जेल मजबूत होत जातं ना?

काही मर्यादेपर्यंत. शेपूट वाढवली की तेलकट भागांची ओढ वाढते आणि कमी पदार्थात जेल होतं. पुढे विरघळणंच अवघड होतं आणि गार करताना पदार्थ घाईनं खाली बसतो. जेल म्हणजे विरघळून जाणं आणि स्फटिक होणं या दोन टोकांमधली अरुंद जागा. शेपटीच्या लांबीनं आपण त्या जागेत पुढे-मागे सरकतो. काही मालिकांत कार्बनांची संख्या सम की विषम यावरही गुण वर-खाली होतात, कारण शेवटच्या कार्बनचं तोंड वेगळ्या बाजूला वळतं.

आपल्या देशातलं एक काम इथे सांगायलाच हवं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संतनू भट्टाचार्य यांच्या गटानं अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाला लॉरिक आम्लाची, म्हणजे खोबरेल तेलात भरपूर असणाऱ्या बारा कार्बनांच्या मेदाम्लाची, शेपूट जोडली. तेल आणि पाणी एकत्र असताना हा रेणू फक्त तेल जमवतो, पाणी तसंच राहतं. हे त्यांनी २००१ साली दाखवलं. सांडलेलं तेल गोळा करण्याच्या पुढच्या पुष्कळ कामाची सुरुवात तिथून झाली.

९. पाण्यात जेल करायचं असेल तर कोणते बदल चालतात?

पाणी स्वतःच हायड्रोजन बंध धरतं, त्यामुळे तेलात चालणारी युक्ती पाण्यात निम्मी निकामी होते. तिथे मोठ्या सपाट कड्या आणि पाण्यापासून पळणारे भाग कामाला येतात. सर्वांत जास्त अभ्यासलेला रेणू म्हणजे एफमॉक-डायफिनाइलअ‍ॅलनिन: दोन फिनाइलअ‍ॅलनिन आणि त्यांच्या टोकाला पेप्टाइड रसायनात नेहमी वापरला जाणारा एफमॉक गट. २००६ साली इस्रायलमधल्या गझित यांच्या आणि मँचेस्टरमधल्या युलाइन व गफ यांच्या गटांनी त्याचं जेल स्वतंत्रपणे दाखवलं.

यात आम्लगट आहे. पीएच जास्त असताना त्यावर ऋण भार असतो, रेणू एकमेकांना ढकलतात. पीएच उतरला की ढकलणं थांबतं आणि जेल जमतं. इथे एक सापळा आहे. सुट्या रेणूसाठी पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या आम्लगटांवर भार असतो तो आकडा, ३.५ च्या आसपास धरला जातो. तंतूत मात्र तो वर सरकतो. या रेणूसाठी असे दोन टप्पे मोजले गेले आहेत, दोन्ही ३.५ च्या बरेच वर. रेणू गटात शिरला की त्याची आम्लताही बदलते, हे विसरून पीएच ठरवला तर जेल हुलकावणी देतं. पीएच सावकाश आणि सगळीकडे सारखा उतरवायला ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन वापरा. टोफू जमवायलाही तेच वापरतात. आम्लाचे थेंब टाकले तर गुठळ्या होतात.

कडीवरच्या बदलाचं उदाहरण: एफमॉक-फिनाइलअ‍ॅलनिनच्या कडीवरचे पाचही हायड्रोजन काढून फ्लोरिन बसवले, तर काही मिनिटांत जेल होतं. फ्लोरिन कडीतले इलेक्ट्रॉन ओढून घेतात, आणि इलेक्ट्रॉनांनी गरीब कडी एफमॉकच्या श्रीमंत कडीवर चपखल बसते. एकच फ्लोरिन ठेवून त्याची जागा बदलली तरी वेग आणि कडकपणा बदलतो.

१०. बदल केला आणि जेल कडक झालं. म्हणजे बदलानंच रचना सुधारली, बरोबर?

इतक्या लवकर नाही. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीनं दोन जेलेटर बनवले होते. दुसऱ्यात एक मिथिल गट जास्त. दुसऱ्याचं जेल स्वच्छ आणि घट्ट, पहिल्याचं दुधाळ आणि ढिलं. आम्ही दोघं महिनाभर मिथिलची कारणं शोधत बसलो. मग तिच्या वहीत नीट पाहिलं तेव्हा कळलं की पहिल्याच्या नळ्या तिनं गरम पाण्याच्या भांड्यातच गार होऊ दिल्या होत्या आणि दुसऱ्याच्या बाहेर काढून टेबलावर ठेवल्या होत्या. सगळ्या नळ्या एकाच वेगानं गार केल्यावर फरक जवळजवळ मिटला. तो महिना मला अजून आठवतो.

कारण साधं आहे. झटपट गार केलं की एकाच वेळी खूप ठिकाणी तंतू सुरू होतात. ते आखूड राहतात आणि त्यांना फाटे फुटतात. सावकाश गार केलं की थोडे, लांब आणि सरळ तंतू होतात. रेणू तोच, जाळं निराळं. म्हणून तुलना करताना द्रावक, प्रमाण, नळीचा आकार, गार करण्याचा वेग आणि मोजण्याआधीचा थांबण्याचा वेळ सारखा ठेवा, आणि हे आकडे प्रबंधात लिहा. मगच मिथिलला श्रेय द्या.

११. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पट्ट्या दिसतात. जेलमध्येही त्या असतात का?

असतीलच असं नाही. फोटोसाठी जेल वाळवलेलं असतं, आणि वाळताना बारीक तंतू एकत्र येऊन पट्ट्या होऊ शकतात. ओल्या अवस्थेतला पुरावा हवा असेल तर गोठवून घेतलेला क्रायो फोटो किंवा लहान कोनातलं क्ष-किरण विकिरण पाहा. हायड्रोजन बंधांसाठी अवरक्त वर्णपट जेल असतानाचा आणि द्रावण असतानाचा, दोन्ही घ्या, फरकातूनच कळतं.

१२. माझ्या रेणूचा एकल स्फटिक मिळालाय. तीच मांडणी जेलमध्ये आहे असं लिहू का?

क्ष-किरण नक्षी जुळवून पाहिल्याशिवाय लिहू नका. स्फटिक वाढतो तो बहुधा वेगळ्या द्रावकात आणि सावकाश. जेलमध्ये रेणू घाईत अडकलेले असतात. दोन्हींत वेगवेगळी मांडणी असलेली कित्येक उदाहरणं आहेत. जेल ठेवून दिल्यावर त्यातच सुया वाढल्या असतील तर त्या सुयांची मांडणी जेलची नसून जेल मोडल्यानंतरची आहे, हेही लक्षात ठेवा.

१३. बदल केल्यावर जेल झालंच नाही. रेणू टाकून द्यायचा?

आधी नळीत काय झालं ते बघा. स्वच्छ द्रावण राहिलं असेल तर रेणूला द्रावक फार आवडलाय. कमी आवडणारा द्रावक घ्या. १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्लसुद्धा इथेनॉलमध्ये नुसतं विरघळतं. खडे बसले असतील तर उलट करा, किंवा गार करण्याचा वेग वाढवा. विरघळतच नसेल तर प्रश्न ८ मधल्या दुसऱ्या टोकाला पोचला आहात. ध्वनिलहरींचा उपायही करून पाहा: नाओता आणि कूरी यांनी २००५ साली पॅलेडियमचं एक संयुग दाखवलं, ज्याचं द्रावण काही सेकंदांच्या ध्वनिलहरींनी जमतं.

१४. जेल झाल्यानंतर, नळीतच रेणू बदलता येतो का?

येतो. कोलेस्टेरॉलला अ‍ॅझोबेंझिन जोडलेले शिंकाई यांचे रेणू १९९४ सालचे. अतिनील प्रकाश पडला की अ‍ॅझोबेंझिन वाकतं आणि जेल द्रव होतं. दृश्य प्रकाशात ते परत सरळ होतं. विकराचा मार्गही आहे: २००४ साली बिंग शू यांच्या गटानं एफमॉक-टायरोसिनवरचा फॉस्फेट गट फॉस्फटेज विकरानं काढून जेल मिळवलं. फॉस्फेट असताना रेणू पाण्यात विरघळलेला राहतो, तो गेला की जमतो. युरियाच्या जेलमध्ये फ्लोराइड आयन टाकले तर ते युरियाचे हायड्रोजन बळकावतात आणि जेल बहुधा कोसळतं.

१५. कोणत्या बदलानं काय होईल हे आधी सांगता येतं का?

ओळखीच्या कुळात बऱ्यापैकी, नव्या कुळात नाही. डायबेंझिलिडीन सॉर्बिटॉलचं उदाहरण घ्या. म्यूनिये यांनी ते १८९१ सालीच बनवलं होतं. साखरेचं अंग आणि दोन सपाट पंख असा त्याचा आकार. हे कूळ आता इतकं ओळखीचं आहे की पंखांवर मिथिल गट लावलेलं रूप पॉलिप्रॉपिलीन पारदर्शक करायला वापरतात. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये त्याचं बारीक जाळं तयार होतं आणि त्यावर प्लॅस्टिकचे असंख्य छोटे स्फटिक उगवतात. मोठे स्फटिक झाले असते तर डबा दुधाळ दिसला असता. याच पंखांवर यॉर्कच्या डेव्हिड स्मिथ यांच्या गटानं हायड्राझाइड गट लावले, आणि मूळचा तेलाचा जेलेटर पाणी जमवू लागला.

१६. कॉलेजात विद्यार्थ्यांना दाखवायला सोपा प्रयोग आहे का?

दोन परीक्षानळ्या घ्या. दोन्हींत ५ मिली सूर्यफूल तेल. एकीत १०० मिलीग्रॅम स्टिअरिक आम्ल, दुसरीत तेवढंच १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल. पाण्याच्या भांड्यात ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवा, दोन्ही तेलं काचेसारखी स्वच्छ होईपर्यंत. मग दोन्ही नळ्या एकाच वेळी बाहेर काढून एकाच स्टँडवर ठेवा (का, ते प्रश्न १० मध्ये आहे). दुसऱ्या नळीतलं तेल तळापासून अंधुक होत जाईल. अर्ध्या तासानं दोन्ही नळ्या उलट्या करा. स्टिअरिकचं तेल खाली धावतं, फार तर त्यात पांढरे पापुद्रे तरंगतात. दुसरं तेल वर तसंच राहतं. नळीवर टिचकी मारली तर ते थरथरतं, पण सांडत नाही. प्रयोगशाळेतली रसायनं आहेत, त्यामुळे तेल खायला परत घेऊ नका. जेल पुन्हा तापवलं की विरघळतं, त्यामुळे तीच नळी पुढच्या तुकडीलाही चालते.